कॅमेऱ्यावरची काळी पट्टी

पटो न पटो, हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या वर्षीचा एक मंगळवार, दुपारचे चार, आणि माझी दहा बाय दहाची खोली. तिला एकच दार. खिडकी नाही.

मी घरून काम करते. आमच्या साहेबबाईंचा नियम एकच... कॅमेरा बंद म्हणजे गैरहजर. तीनदा गैरहजर, की नोकरी गेली. पाठीमागे आम्ही त्यांना हेडमास्तरीण म्हणतो.

माझा सात वर्षांचा लॅपटॉप तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. मागे डब्याचा टेकू दिला तरच स्क्रीन उभी राहायची. नवा घ्यायची ऐपत नव्हती. दादाला घेऊन वापरलेल्या लॅपटॉपच्या दुकानात गेले.

एकाची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकत होती. दुसऱ्याच्या स्क्रीनवर उभी रेघ. तिसरा मात्र कोरा करकरीत, आणि तरी सगळ्यात स्वस्त.

"एकाच माणसाने वापरलाय," दुकानदार म्हणाला. "घरून काम करायचे ते. खोलीबाहेर कधी काढलाच नाही."

दादाने बिजागरी हलवून पाहिली, एकेक बटण दाबून पाहिलं. कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी होती, म्हणून तेवढा तपासायचा राहिला.

पट्टी घरी येऊन मीच सोलून काढली.

पहिल्याच मीटिंगला हेडमास्तरीण म्हणाल्या, "अगं, तुझ्या मागचं दार कुठं गेलं?"

मी स्क्रीनवर पाहिलं. माझ्या मागे कपाट होतं. कॅलेंडर होतं. आणि दार...

नव्हतं. नुसती सपाट भिंत.

गर्रकन वळले. दार जागच्या जागी होतं.

"स्वस्तातला कॅमेरा आहे हो," मी हसण्यावारी नेलं. दुसरा लॅपटॉप आणायचा कुठून?

मग तो मंगळवार आला. मी मीटिंगमध्येच होते. चारला आई चहा घेऊन आली.

टक... टक...

"दार उघड गं."

"कडी नाही लावलेली आई, ढकल."

"ढकलतेय. उघडत नाहीये."

मी उठून वळले...

समोर भिंत होती.

दोन्ही हातांनी चाचपलं. फट नाही, कडी नाही, चौकट नाही. गार, गुळगुळीत भिंत.

"आई!"

तिचा आवाज लांब जात होता. आधी दाराशी असल्यासारखा. मग शेजारच्या घरातून आल्यासारखा. मग...

काहीच नाही.

खरं सांगते, मी रडायला लागले.

तेवढ्यात ती पट्टी आठवली. मी धावत जाऊन कॅमेऱ्यावर अंगठा दाबून धरला.

दार करकरत उघडलं.

"कधीची हाका मारतेय!" आई म्हणाली. तिच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

त्याच संध्याकाळी लॅपटॉप परत केला. दुकानदाराने पैसे दिले आणि खणातून काळी पट्टी काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसायचं नव्हतं, म्हणून नोकरीही सोडली. सुटले म्हटलं एकदाची.

गेल्या आठवड्यात हेडमास्तरणींचा फोन आला. मी आईबरोबर बाजारात होते.

"राजीनामा देऊन वर्ष झालं ना गं तुला?"

"हो. का?"



"मग रोज चारला मीटिंगमध्ये कशी दिसतेस? आणि आमच्याकडे पाठ करून सारखी भिंत काय चाचपत असतेस?"

आई मागून हाक मारत होती. मला वळून बघायचा धीर होईना.