वहिनी कोणाची?

संस्थानच्या हद्दीवर, कनेरगावच्या नाक्यावर वाशीमकडची मोटर थांबली की जकातीचे शिपाई आधी ट्रंका उघडत आणि मग विचार करत. त्या दिवशी श्रावणातली भुरभुर चालली होती. बाबा मला मोटरीत बसवायला आले होते, ते ड्रायव्हरशी बोलत उभे. शेजारीच एका उंच, सावळ्या माणसाची वर्तमानपत्रं शिपायांनी बाकावर पसरली होती. वारा आला आणि त्यातलं एक पान थेट माझ्या तोंडावर... मी ते सोडवलं, पदराने टिपलं आणि त्यांना दिलं.

"आभारी आहे," ते म्हणाले. असं कुणी म्हटलं की काय बोलायचं असतं, मला कुठे ठाऊक! "आपण कुठल्या?"

"आमी हितल्याच, कनेरगावच्या. हिंगोलीला जाऊन राहिले."

"अस्सं," ते म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा उतरला.

हिंगोलीत माझी थोरली बहीण शकूअक्का फाल्गुनात बाळंत झाली होती, अजून अशक्त होती. तिच्या मदतीला मी आले, तर शेजारच्या सत्यभामाबाईंच्या ओसरीवर तोच माणूस. त्यांचा भाचा, उत्तमराव. शिक्षण पुण्यात, नोकरी आफ्रिकेत. नैरोबीच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार. रजेवर आलेले.

संध्याकाळी ओसरीवर अर्धी गल्ली जमायची. उत्तमराव तिकडची हालहवाल सांगत. खोलीवर पत्रे आहेत, संपादक तापट आहे, भाकरी स्वतः थापतो आणि रोज करपवतो. मग शिफारशी सुरू. अमुक बोलपट चुकवू नका, तमुक मासिक मागवाच, युद्धानंतरचं जग समजून घ्यायचं तर रेडिओ ऐका. आमच्या गल्लीत रेडिओ नव्हता, बोलपट नांदेडला, आणि मासिक यायचं म्हणजे नाक्यावर अडकायचं. तरी सगळे माना डोलवत. मी अक्काचं बाळ कडेवर घेऊन दाराआडून ऐकायची. खरं सांगते, शिफारशी नव्हते ऐकत... आवाज ऐकत होते.

एकदा त्यांनी मला पाहिलं. "या ना वहिनी. बाळालाही आणा."

वहिनी? माझं डोकंच चालेना. लग्न न झालेल्या पोरीला कुणी वहिनी म्हणतं का? म्हणजे यांचा कुणी थोरला भाऊ बिनलग्नाचा असणार, आणि सत्यभामाबाईंनी त्याच्याशी माझं परस्पर जमवलेलं दिसतंय. त्या रोज 'भाकरी खावी तर शालूच्या हातची' म्हणून माझं कौतुक करत, ते उगाच थोडंच? मला रडू येत होतं. थोरला भाऊ नको होता मला.

निघायच्या आदल्या दिवशी ते आडावर भेटले. "येतो, वहिनी. उद्याच्या मोटरीने निघतो. मग मुंबईहून बोट."

"तुमच्या थोरल्या भावाला सांगजा... मी नगं म्हंते म्हणून."

"कुठला भाऊ? मी एकुलता एक आहे."

मी बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मंग मी वहिनी कोणाची?"

"म्हणजे... या बाळाच्या वडिलांची तुम्ही..."

"ते माझे दाजी हायेत. लेकरू अक्काचं हाय."

"पण नाक्यावर तुम्हीच म्हणालात, कनेरगावची, हिंगोलीला जाऊन राहिले. मला वाटलं, सासरी."

"जाऊन राहिले म्हंजे जात होते. जाऊन राहिले, खाऊन राहिले... आमी असंच बोलतो. आन् माझ्या गळ्यात काय हाय ते दिसलं न्हाई? बातमीदार म्हणवता."

"परक्या बाईच्या गळ्याकडे बघत नाही मी." ते आडाच्या काठावर बसलेच. "रोज संध्याकाळी घसा कोरडा होईपर्यंत बोललो... आणि रोज स्वतःला बजावलं, ती दुसऱ्याची बायको आहे."

"ती कोण?"

"दाराआडची."

माझ्याच्याने मान वर होईना. बाळ त्यांच्याकडे बघत बसलं होतं.

"शालू," ते म्हणाले, नुसतं शालू. "आता मी काय करू?"

"माझ्या बाबांला इचारा. उद्या तुमची मोटर कनेरगावावरूनच जाती."

"तिथे घटकाभर थांबते ती. एवढी मोठी गोष्ट तेवढ्यात कशी व्हायची? आणि उतरून राहिलो तर बोट चुकेल. पुढची कधी मिळेल, सांगता येत नाही."

माझे कान तापले होते. पण बोलायची वेळ तीच होती.

"चुकू द्या की," मी म्हणाले.