हात बाहेर?

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पटत नसेल तर माझ्या मामाला भेटा. फक्त त्याच्यासमोर "बाहेर" हा शब्द काढू नका.

मामा हीट पंप दुरुस्त करतो. घर गरम ठेवणारं यंत्र. त्याचा मोठा पंखा घराबाहेरच्या पेटीत असतो. हाताखाली मामीचा धाकटा भाऊ होता. सगळे त्याला घुम्या म्हणत. चार शब्द बोलला तर त्याचा घसा दुखतो, असं मामी चिडवायची.

दोघांचा एक नियम होता. मामा घरात मेन स्विचपाशी, घुम्या बाहेर पेटीपाशी. मामा ओरडणार, "हात बाहेर?" घुम्या पुटपुटणार, "बाहेर." ते ऐकल्याशिवाय मामा स्विचला बोट लावत नसे.

थंडीतली भरदुपार होती. रस्त्याच्या टोकाचं शेवटचं घर. एक बाई एकट्याच राहायच्या. पंपाच्या स्क्रीनवर एरर होता... ई सात.

म्हणजे पंखा अडकलाय.

मामाने स्विच बंद केला. घुम्याने जाळी काढली. आत ना बर्फ, ना काडीकचरा. पातं बोटाने ढकललं तर अलगद फिरलं. मोटरची वायरही घट्ट होती.

"काहीच अडकलेलं नाही," मामा म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. त्या पेटीकडे बघतच नव्हत्या.

मामा आत गेला. "हात बाहेर?"

मामा कान देऊन थांबला.

"बाहेर!"

खणखणीत आवाज. मामाला हसूच आलं. "आज घुम्याला कंठ फुटला वाटतं," म्हणत त्याने स्विच लावला.

स्विच लावल्यावर पंखा फिरायला दोन-तीन मिनिटं जातात. त्या दिवशी गेली नाहीत.

आधी घरघर... मग काहीतरी कडकन मोडलं.

मग किंकाळी.

मामाने स्विच पाडला आणि जिवाच्या आकांताने धावला. पंखा थांबलाच नव्हता. भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. घुम्याचा हात कोपरापर्यंत आत होता. मामाने त्याला कमरेला धरून मागे ओढलं, तर...

आतूनही कुणीतरी ओढत होतं.

शेवटी दोघे मागे कोसळले. मनगटाच्या पुढे काहीच उरलं नव्हतं.

"भाऊजी," घुम्या कण्हला, "मी बोललोच नव्हतो..."

बाई दारात उभ्या होत्या.

"ह्यांच्या वेळी स्विच मी लावला होता," त्या म्हणाल्या. "मलाही 'बाहेर' ऐकू आलं होतं."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी तुटलेला पंजा बर्फात घालून आणायला सांगितला. मामाने पेटीचा स्क्रू न् स्क्रू खोलला. पंजा मिळाला नाही.

घुम्या वाचला. आता मात्र तो एक शब्दही बोलत नाही. मामा एकटाच काम करतो, पण पेटीपाशी कुणी उभं असलं तर उत्तर काहीही येवो, स्वतः बाहेर येऊन बघतो. त्या सवयीनेच मी वाचले.

गेल्या आठवड्यात आमचाच पंप बंद पडला. मामा आत स्विचपाशी होता. मी बाहेर, जाळी काढलेल्या पेटीपाशी. पात्याला वाळकं पान चिकटलं होतं, म्हणून मी सहज हात घातला.

"हात बाहेर?" मामाचा आवाज आला.

मी उत्तर देणार, इतक्यात तो दारात दिसला. चेहरा पांढराफटक.

"तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही, मामा."

माझा हात अजून आतच होता. तो त्याकडे बघत राहिला.

"तुझाच आवाज होता गं," तो म्हणाला.

पंप बंदच आहे. घरात कडाक्याची थंडी आहे, पण तो लावायची कुणाची छाती होत नाही. मेन स्विच मामाने पाडून ठेवलाय.

तरी स्क्रीनवर ई सात दिसतंय...