इमारत रिकामी आहे

दुपारचे तीन वाजत आले होते आणि सूर्य मावळायच्या बेतात होता. अलास्काच्या आतल्या भागात डिसेंबरातला दिवस एवढाच. इंगा ब्रॅडॉक अग्निशमन केंद्राच्या बाकावर बसून जाडजूड गमबूट चढवत होती.

कॉलेजच्या आवारातलं हे केंद्र विद्यार्थीच चालवत. दिवसा वर्ग, उरलेल्या वेळात बंब आणि पाइप, आणि त्या बदल्यात वरच्या मजल्यावर फुकट खाट. आज सराव होता. टेकडीमागच्या बंद वसतिगृहात लपवलेला पुतळा अंधारात चाचपडून शोधायचा आणि बाहेर ओढून आणायचा. पुतळा म्हणजे वाळू भरलेलं, जुना कोट घातलेलं एक धूड. पोरांनी त्याचं नाव 'प्राचार्य' ठेवलं होतं, कारण तो भयंकर जड होता आणि स्वतःहून कधीच हलत नसे.

"प्राचार्य दुसऱ्या मजल्यावर आहेत," कॅप्टन प्रुइट म्हणाले. ते एकटेच इथले पगारी माणूस. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. "तिसऱ्यावर जायचं नाही. वरची जमीन जळकी आहे."

"कशाने जळली, तेही सांगा की तिला," रोवन म्हणाला.

रोवन शेवटच्या वर्षाला होता, इंगाचा जोडीदार. कॅप्टननी त्याच्याकडे पाहिलं नाही. सांगायची गरजही नव्हती, ती गोष्ट आवारात सगळ्यांना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत या वसतिगृहाला आग लागली. इव्हान डेमॉस्की नावाचा मुलगा नदीकाठच्या आपल्या खेड्याला निघाला होता. तिथे फक्त छोटं विमान जातं, आणि हवा बिघडल्यामुळे ते उडालंच नाही. बिचारा आपल्या खोलीत परत आला. कार्यालयाने कळवलं, इमारत रिकामी आहे. खाली उभ्या असलेल्या रोवनला तिसऱ्या मजल्यावरून खोकल्याचा आवाज आला. तो धावत निघाला, तर कॅप्टननी त्याची कॉलर धरली. "वारा आहे तो. आत कोणी नाही." दुसऱ्या दिवशी इव्हान वरच्या शेवटच्या खोलीत, खिडकीखाली, मेलेला सापडला. चौकशीत कॅप्टननी सांगितलं की वरून काही ऐकू आलं नव्हतं. रोवनला कुणी विचारलंच नाही. मुलगा परवानगीशिवाय राहिला होता, एवढं मात्र कॉलेजने आवर्जून जाहीर केलं.

आता ती इमारत पाडून तिथे गाड्या उभ्या करायला जागा होणार होती.

बंब घेऊन वसतिगृहाशी पोचेपर्यंत अंधार पडला. थंडी अशी होती की श्वास सोडला की तो कानाशी गोठून कुरकुरायचा. दोघांनी हवेची टाकी पाठीला बांधली, मुखवटे चढवले. कॅप्टननी मुखवट्यांच्या काचांवर मेणकागद चिकटवला, धुरात दिसत नाही तसं काहीच दिसू नये म्हणून. मग ते दोघं गुडघ्यांवर आत शिरले. पुढे रोवन, मागे इंगा. तिचा एक हात भिंतीला, दुसरा रोवनच्या बुटाला.

आत स्वतःच्या श्वासाखेरीज आवाज नव्हता. ओल्या राखेचा वास मुखवट्यात येणं शक्य नव्हतं, तरी तो येत होता. पहिला मजला झाला. जिना चढून दुसऱ्यावर आले आणि रोवन एकदम थांबला.

"ऐकलंस?"

"काय?"

"गप्प... ऐक."

वरून कोणीतरी खोकलं. कोरडं, दमलेलं. मग थोडं थांबून पुन्हा.

"कॅप्टननी कुणाला तरी बसवलं असेल वर," इंगा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"जमीन जळकी आहे म्हणाला ना तो?" रोवनचा बूट तिच्या हातातून सुटला. तो वर निघाला होता. जोडीदाराला एकटं सोडायचं नाही, हा इथला पहिला धडा. इंगा मागोमाग चढली.

तिसऱ्या मजल्यावर जमीन पायाखाली करकरत होती. शेवटच्या खोलीत, खिडकीखाली, तिच्या हाताला लोकर लागली. मग खांदा. मग केस.

"प्राचार्यांना केस नाहीत..." ती पुटपुटली.

तेवढ्यात एका हाताने तिचा हातमोजा धरला. ओढला नाही, दाबला नाही. नुसता धरून ठेवला, जत्रेत लहान मूल धरतं तसा.

तिने वायरलेसचं बटण दाबलं. "कॅप्टन, सापडला. तिसरा मजला, शेवटची खोली. जिवंत आहे."

खरखर झाली. मग कॅप्टनचा आवाज आला, अगदी हळू. "खाली या. तिथं कोणी नाही."

"माझा हात धरलाय त्यानं!"

"सोड तो हात, इंगा. इमारत रिकामी आहे. हा हुकूम आहे."

रोवनने स्वतःचं बटण दाबलं. "मागच्या वेळी ऐकलं होतं मी तुमचं," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "तू खांद्याखाली धर. मी पाय घेतो."

वजन होतं. ते इंगा पुढे कुणालाही शपथेवर सांगायला तयार होती. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते डोकं तिच्या छातीवर कलंडत होतं. मधूनच खोकत होतं. रोवन सारखा बोलत होता, आजारी धाकट्या भावाशी बोलावं तसं. "आलोच बघ. थोडंच राहिलं. माफ कर रे, उशीर झाला..."

दाराशी गार हवा लागली आणि इंगाचे हात एकदम हलके झाले. तिने मुखवटा ओरबाडून काढला. बर्फात दोघंच गुडघ्यांवर होते. मध्ये काही नव्हतं.

कॅप्टन दारात कंदील घेऊन उभे होते. ते मागे सरकले होते, अंग चोरून. दोघंही बाहेर आली होती, तरीही ते तसेच उभे राहिले आणि त्यांची नजर कशाच्या तरी मागे हळूहळू बंबाकडे गेली.

"कुणाला वाट दिलीत, कॅप्टन?" रोवनने विचारलं.

कॅप्टननी कंदील विझवला.

केंद्रावर परतल्यावर कुणी जेवणाचं नाव काढलं नाही. कॅप्टन बंबाशेजारच्या बाकावर कोट न काढता बसले. रोवन भिंतीला टेकून त्यांच्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. इंगाने उचलला.

"अग्निशमन केंद्र का?" पलीकडे एक म्हातारी बाई होती. शांत, सावकाश बोलणारी. "मी व्हेरा डेमॉस्की. इव्हानची आई."

इंगाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"माझं पोर गेलंय, हे मला माहीत आहे, मुली. या हातांनी माती दिलीय त्याला. पण तो आत्ता माझ्या हातातल्या दुसऱ्या फोनवर आहे, आणि आवाज त्याचाच आहे. म्हणतो, एका मुलीनं आणि रोवननं बाहेर काढलं." ती जराशी थांबली. "मग आता त्याला थंडीत का उभं केलंय? दार का उघडत नाही तुम्ही?"

इंगाने फोन तसाच लोंबता सोडला आणि बंब बाहेर काढायच्या मोठ्या दाराच्या कळीकडे गेली.

"हात लावू नकोस," कॅप्टन घोगऱ्या आवाजात म्हणाले. "इंगा... पाया पडतो तुझ्या."

तिने कळ दाबली. दार घरघरत वर गेलं. गोठलेलं धुकं जमिनीसरशी आत घुसलं, बंबाच्या चाकांभोवती फिरलं. बाहेर दिव्याखाली रिकामा रस्ता, बर्फ आणि काळोख. ती थांबली. कोणी आलं नाही. शेवटी तिने दार खाली घेतलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"बाहेर कोणी नाही, काकू," ती कशीबशी म्हणाली.

म्हातारी आपल्या भाषेत कुणाशी तरी दोन शब्द बोलली. कौतुकानं, हलक्या आवाजात. मग पुन्हा या फोनवर आली.

"आला म्हणतोय आत," ती म्हणाली. "बाकावर बसलोय म्हणतो, त्या साहेबांना अगदी खेटून. विचारतोय, हे एवढे का कापतायत?"