टाक्यावरची सावली

खोलीत इतकी शांतता होती की पंखासुद्धा ओशाळून फिरत होता.

भिंतीवर चित्रांच्या दोन रांगा होत्या. वरच्या रांगेत खिडकीशी बसून शिवणारी बाई, तिच्या खांद्यावरून पाहिल्यासारखी. खालच्या रांगेतही तीच. तोच अंधारा कोपरा, तीच समोरची रिकामी खुर्ची, तोच उजवीकडून येणारा, उशिरा पोचलेल्या निरोपासारखा उजेड.

चित्रे माणसांनी काढलेली नव्हती. या चित्रशाळेत संगणकातले एजंट चित्रे काढीत आणि माणसे त्यांच्यासाठी सूचना लिहीत. कोणाच्या सूचनेतून जिवंत चित्र उमटते हे ठरवायला बाहेरून परीक्षिका येई. विषय एकच दिला जाई, आणि लिहिणाऱ्यांची नावे झाकलेली असत.

आज नावे उघडली होती. म्हणूनच कोणी बोलत नव्हते.

वरच्या रांगेमागची सूचना गुरुजींची होती. खालची त्यांच्या लेकीची.

"शब्द वेगळे, जीव एकच," संचालक शेवटी म्हणाले. "कोणीतरी ढापलंय, बाई. आणि गुरुजींची सूचना आधी आली होती."

"म्हणजे निकाल तुम्ही लावलाच आहे," परीक्षिका म्हणाली. "मग मला कशाला बोलावलंत?"

"शिक्का तुमचा लागतो ना."

"आणि शिक्का बसला की?"

"मुलीला घरी पाठवायचं. अशी गोष्ट लपत नाही. पुढे कुठलीच चित्रशाळा तिला दारात उभं करणार नाही."

मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. गुरुजी तिच्याकडे. या शाळेतले निम्मे लोक त्यांचेच विद्यार्थी. ते खोलीत आले की माणसे नकळत सावरून बसत.

परीक्षिकेने संचालकांना चित्रांजवळ नेले.

"खालच्या रांगेत सुई डाव्या हातात आहे."

"तेच तर! आधी वाटलं, एजंटाची चूक. हातांच्या बाबतीत ते अजून कच्चेच. पण सूचना उघडली तर तिनंच तसं लिहिलंय. गुरुजींनी उजवा लिहिला, हिनं डावा केला. शाळेतली पोरं कॉपी करताना दोन शब्द मागेपुढे करतात, तसं."

"आणि उजेड? काही सांगितलं नाही, तर तुमचे एजंट तो कुठून आणतात?"

"डावीकडून. जुनी चित्रं बहुतेक तशीच, त्यातून लागलेली सवय."

"मग उजवीकडचा उजेड कोणाला तरी मुद्दाम सुचलाय."

"गुरुजींना," संचालक म्हणाले. त्यांच्या आवाजात शंकेला बसायला जागाच नव्हती.

परीक्षिकेने मात्र वरच्या चित्रावरची नजर हलवली नाही. बाईचा उजवा हात सुंदर होता. त्याच्या सावलीत टाका बुडून गेला होता.

गुरुजींनी तिला आपल्या खोलीत बसवले, पाणी दिले.

"उजेड उजवीकडून का, गुरुजी?"

"डावीकडचा उजेड घरच्यासारखा असतो. उजवीकडचा परक्यासारखा येतो. पाहणारा बिचकतो, आणि बिचकलेला माणूसच नीट पाहतो."

उत्तर चौकटीत घालून टांगावे असे होते. परीक्षिकेला नेमके तेच खटकले. घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यावर बोटांचे ठसे राहत नाहीत.

"लेकीनं चोरलं असं तुम्हाला वाटतं?"

"बापाच्या तोंडून काय वदवता, बाई?" ते हळुवार हसले. "माझ्या सावलीत वाढली पोर. घसरला पाय. पोटात घाला."

"तिची चूक पोटात घालायची, म्हणजे ती तिचीच आहे हे आधी मान्य करायचं."

गुरुजींनी पेला उचलला. पाणी प्यायले नाहीत.

मुलीचे टेबल जिन्याखाली होते. नीटनेटके, जवळजवळ घाबरलेले. दिवा उजव्या बाजूला. परीक्षिकेने जबाबाचा कागद पुढे केला. मुलीने उजव्या हाताने सही केली, सावकाश, शाळकरी वळणाची, जणू प्रत्येक अक्षर कोणाला तरी दाखवायचे आहे.

मागून गुरुजी आले. काही न बोलता त्यांनी दिवा उचलून डावीकडे ठेवला.

"हिला कितीदा सांगितलं," ते परीक्षिकेला म्हणाले. "उजवीकडच्या दिव्यानं हाताची सावली कामावर पडते. अगदी बिगरीतला धडा. पण ऐकेल तर शपथ."

ते गेल्यावर मुलीने दिवा पुन्हा उजवीकडे ठेवला.

"उजेड उजवीकडून का?" परीक्षिकेने विचारले.

"तसाच असतो म्हणून."

"हे उत्तर झालं?"

"माझ्याकडे एवढंच आहे."

"ही सूचना देण्याआधी कोणाला वाचून दाखवली होती?"

मुलगी नखे पाहत राहिली.

"घरी कोण असतं?"

"बाबा आणि मी."

"त्यांना दाखवली?"

"बाई, माझं नाव काढून टाका. मला चालेल."

"मला चालणार नाही. इथून गेलीस तर काय करशील?"

मुलीचा चेहरा क्षणभर उघडा पडला. "दुसरं काही येत नाही मला," ती म्हणाली.

दुपारभर परीक्षिका एजंटांजवळ बसली. तिची एक जुनी रीत होती: सूचनेतले एकच वाक्य काढायचे किंवा फिरवायचे आणि चित्र पुन्हा काढून घ्यायचे. घराची एक वीट हलवायची, आणि कुठली भिंत कण्हते ते ऐकायचे. नवी चित्रे येत गेली, तसतसा तिच्या कपाळावरचा संशय एका जागी गोळा होत गेला.

मग तिने तिघांना पुन्हा त्या खोलीत बोलावले. अंगातला कोट काढला.

"आधी एक क्षुल्लक काम. बटण लोंबतंय. टाका घालून देतेस का गं?"

मुलीने कोट घेतला. खुर्ची ओढून अशी फिरवली की खिडकी तिच्या उजव्या हाताला आली. दोरा ओवला आणि सुई डाव्या हातात धरली.

"उजव्या हातानं!"

हुकूम गुरुजींच्या तोंडून सुटला होता. मुलीच्या डाव्या हातातली सुई दचकून उजव्या हातात गेली.

पंखा फिरत राहिला.

"धन्यवाद, गुरुजी," परीक्षिका म्हणाली. "मला एवढंच ऐकायचं होतं."

"यात काय सिद्ध झालं?" संचालकांनी विचारले.

"डावखुऱ्या माणसाला उजेड उजवीकडूनच लागतो. नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली टाक्यावर पडते. तिच्या लेखी त्यात सौंदर्यशास्त्र नव्हतं. 'तसाच असतो,' ती म्हणाली. खरं बोलली. तिच्या चित्रात उजेड आणि हात एकमेकांना धरून आहेत. सुई उजव्या हातात दिली की टाका अंधारात जातो."

"आणि गुरुजींच्या?"

"तिथे तो आधीपासूनच अंधारात आहे. मी त्यांच्या सूचनेतला फक्त हात बदलून डावा केला." तिने एक नवे चित्र भिंतीला टेकवले. "बघा. टाका लख्ख दिसतोय. ती सूचना मुळात कुठल्या हातासाठी लिहिली होती, हे चित्रच सांगतंय."

संचालक गुरुजींकडे पाहायचे टाळत होते.

"सावलीचा धडा गुरुजींनीच मला दुपारी शिकवला. तो ठाऊक असलेला माणूस आपल्या मनानं असं चित्र रचणार नाही. त्यांनी सगळं घेतलं: कोपरा, रिकामी खुर्ची, उजेड. फक्त डावा हात त्यांना चूक वाटला. त्यांनी तो सुधारला. पूर्वी तिचा सुधारला होता, तसाच. आणि सुधारला या समजुतीत इतके निवांत राहिले, की दिवा रोज का सरकतो हे त्यांना कधी कळलंच नाही."

"मग त्यांची सूचना आधी कशी आली?"

"तिनं घरी वाचून दाखवली. पसंतीसाठी. ती पसंतीची वाट पाहत राहिली, आणि यांनी तीच आपल्या नावानं आधी देऊन टाकली. खरं ना, गुरुजी?"

गुरुजी खालच्या रांगेसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा ताठ कणा कोणीतरी हळूच काढून घेतल्यासारखा वाटला.

"ती वाचत होती तेव्हा," ते म्हणाले, "मला वाटलं, हे माझंच असायला हवं होतं. आयुष्यभर मी याच चित्राची वाट पाहिली. आणि ते आलं कुणाकडे, तर..." वाक्य तिथेच खचले.

"मी शिक्का खालच्या सूचनेवर मारतेय," परीक्षिका संचालकांना म्हणाली. "नाव झाकायची आता गरज नाही."

संचालकांनी मान हलवली.

मुलीने सुई पुन्हा डाव्या हातात घेतली. उरलेले टाके घातले, सावकाश, खिडकीच्या उजेडात. दोरा तोडला. कोट परीक्षिकेला दिला.

"चिमणे," गुरुजी म्हणाले. या शाळेत त्यांनी तिला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. "संध्याकाळी घरी येतेस ना?"

मुलीने पर्स खांद्याला लावली. डाव्या हाताने दार उघडले, आणि जिन्यावरून तिची पावले खाली उतरत गेली.