फोटोच्या पाठीवरचं नाव

शटर अर्धं ओढून फ्रेमवाले काका दुकानाच्या पायरीवर बसले. गल्लीतली वीज गेलेली होती. शेजारपाजारची कॉलेजातली पोरंपोरी मोबाइल खिशात घालून त्यांच्याभोवती सरकली.

"खोटी गोष्ट हवी असेल तर मोबाइलवर बघा," काका म्हणाले. "ही घडलेली आहे. ज्यांच्या घरी घडली त्या वहिनींनी मला इथेच, याच पायरीवर बसून सांगितली. मध्ये कुणी खिदळायचं नाही."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा दुसरा शनिवार. अमावस्या वगैरे काही नाही, उलट चांगलं चांदणं पडलेलं.

काकांच्या दुकानापासून चार घरं पलीकडे कॅप्टन राहायचा. कॅप्टन हे गल्लीने ठेवलेलं नाव. फौजेशी त्याचा संबंध एवढाच, की जुन्या लढायांतले फोटो, सैनिकांनी घरी धाडलेली पत्रं, बिल्ले, पट्टे असलं सगळं तो गोळा करून शौकिनांना विकायचा. स्वतः मात्र झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचा. कुणाचं घर रिकामं होतंय, कुणाच्या माळ्यावरून ट्रंक खाली आलीय, असं कानावर पडलं की स्वारी निघाली. त्या शनिवारीही तो दुपारच्या गाडीने अशीच एक ट्रंक बघायला परगावी गेला. जाताना बायकोला म्हणाला, "फ्रेमवाल्याकडून हॉटेलवाल्यासाठीचा फोटो तेवढा आण. उद्या त्याचा माणूस न्यायला येईल."

म्हणून वहिनी संध्याकाळी पोराला घेऊन दुकानात आल्या. पोर चार वर्षांचं, पण अजून कडेवरच. वहिनींचा स्वभाव मुळातच घाबरट. पोर शिंकलं तरी त्यांचा हात आधी त्याच्या कपाळाला जायचा.

फोटोत एक तरुण सैनिक उकिडवा बसला होता. हातात पत्र्याचा मग, आणि कुणीतरी आत्ताच काही चेष्टा केल्यासारखा हसत होता. मिसरूडही धड फुटलेलं नाही. काका फोटोमागे पुठ्ठा बसवायच्या बेतात होते. ते थांबले.

"वहिनी, हे वाचा बरं."

फोटोच्या पाठीवर फिकट निळ्या शाईत, जुन्या वळणाचं नाव लिहिलेलं होतं. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. त्यांच्याच पोराचं. जसंच्या तसं.

"अक्षर आमच्याच माणसाचं," वहिनी म्हणाल्या. "शाईत पाणी घालतो तो. जुनी दिसावी म्हणून."

"बिननावाचा फोटो हॉटेलवाल्याला नको होता ना," काका म्हणाले. "नाव असलं की म्हणे बघणाऱ्याला माणूस वाटतो."

वहिनींनी घरी पोचायच्या आतच फोन लावला.

"अहो, आपल्या पोराचं नाव? दुसरं सुचलं नाही तुम्हाला?"

"जे पटकन आलं ते लिहिलं. त्यात काय एवढं? नाव काय लिहून झिजतं?"

"मग स्वतःचं लिहायचं होतं!"

"माझ्या नावाचा माणूस लढाईत पडला, असं कुणाला तरी खरं वाटेल का?"

"म्हणजे तो मेलाय? फोटोतला?"

"बहुतेक. अगं, तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. झोप."

मेलेल्या माणसाला माझ्या जित्या पोराचं नाव... फोन ठेवल्यावरही वहिनी पुटपुटत राहिल्या. घरी येऊन फोटो त्यांनी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि पोराला कुशीत घेऊन पडल्या.

साडेअकराच्या सुमारास पोर झोपेत म्हणालं, "ओ."

स्वप्न पडलं असेल. वहिनींनी थोपटलं.

थोड्या वेळाने पुन्हा. "ओ..."

कुणी लांबून हाक मारावी आणि मुलाने खेळता खेळता ओ द्यावी, तसं. पण हाक कुठे होती? वहिनींनी श्वास रोखून ऐकलं. मोरीतला नळ ठिबकत होता. बाकी काही नाही.

"ओ... आलो."

पोर उठून बसलं. डोळे मिटलेले. पाय खाली सोडले.

वहिनींनी त्याला नावाने हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. नाहीच. त्याच नावाने दुसरंच कुणीतरी बोलावत होतं... आणि पोराला फक्त तेच ऐकू येत होतं.

पोर दाराकडे चाललं.

"मग?" अंधारात कुणीतरी विचारलं.

"मग काय," काका म्हणाले. "आई होती ती."

वहिनींनी धावत जाऊन पोराला उचललं. अंग गार. आणि हलकं. रोज कडेवर घेणाऱ्या बाईला पोराचं वजन ठाऊक असतं. हे त्याच्या निम्मंही नव्हतं.

दाराची कडी हलली.

वाऱ्याने हलते तशी नाही. आत येऊ का, असं विचारल्यासारखी.

"भाऊजी, तोवर मी नुसती घाबरले होते," वहिनींनी नंतर काकांना सांगितलं. "पण पोर हाताला हलकं लागलं ना, तेव्हा माझं डोकंच फिरलं."

पोराला कमरेवर घट्ट धरून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. फ्रेम पालथी घातली. मागचा पुठ्ठा उचकटला. भाजी चिरायची सुरी आणली आणि नाव खरवडायला लागल्या. खरवडता खरवडता बोलत होत्या. हळू नाही. नळावर भांडावं तसं खणखणीत.

"हे नाव मी ठेवलंय. नऊ महिने पोटात वाहिलं, मग ठेवलं. तुमच्या आईनेही तुमचं काहीतरी ठेवलं असेल. ते आमच्याकडे नाही. आमच्या माणसाने चूक केली, त्याचं काय करायचं ते मी बघते. पण चुकून गेलेली वस्तू परत घ्यायची असते. ही मी घेतली."

सुरी कागदावर खसखसत होती... पोराचं नाव गेलं. बापाचं गेलं.

पोराचे ओठ पुन्हा हलले. हाक आली असणार. त्याच्या तोंडून ओ निघायच्या आत वहिनींनी त्याच्या ओठांवर तळवा ठेवला आणि दाराकडे तोंड करून स्वतःच ओ दिली.

"ओ! बोला. काय काम आहे?"

...

"मी त्याची आई. तो लहान आहे. त्याच्याकडे काम असेल तर मला सांगायचं."

...

"आता का गप्प? मघापासून पोराला बोलावत होतात ना? मारा हाक. मी देते ओ."

...

नळ ठिबकायचाही थांबला होता.

वहिनींनी आडनाव खरवडून टाकलं. मग उठल्या आणि त्यांनी कडी काढली.

"काका! दार उघडलं?"

"सताड."

बाहेर जिना. अंधार. कुणी नाही... निदान दिसत तरी कुणी नव्हतं. वहिनींनी फ्रेम उंबऱ्याबाहेर ठेवली, हसरा चेहरा वर करून.

"हा तुमचा फोटो. न्यायचा तर न्या. इथे बसायचं तर बसा, तहान लागली असेल तर पाणी देते. पण बाहेरचं कुणी आत येणार नाही. आतलं कुणी बाहेर जाणार नाही."

दार लावलं. दाराला पाठ टेकून तिथेच जमिनीवर बसल्या. पोर मांडीवर. कितीतरी वेळ... काही नाही. मग मांडीला जरा जड लागलं. मग आणखी. मग मुंग्या यायला लागल्या. वहिनी हलल्या नाहीत. पोर घोरायला लागलं तेव्हा बाहेर उजाडत होतं.

सकाळी कॅप्टन ट्रंक घेऊन आला. वहिनींनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"आधी तो फोटो उचला. पाठीवर लिहा, नाव माहीत नाही. मग आत या."

"अगं, पण हॉटेलवाला..."

"लिहा."

कॅप्टन हसायला गेला. बायकोच्या तोंडाकडे बघितलं, आणि भिंतीला फोटो टेकवून मुकाट्याने लिहिलं. हॉटेलवाल्याने अर्थातच फोटो घेतला नाही. न घेवो, म्हणाल्या वहिनी. काकांनी तो मागून घेतला आणि आपल्या दुकानात लावला. तेव्हापासून कॅप्टनच्या प्रत्येक बिननावाच्या फोटोवर तेच तीन शब्द असतात. धंदा बसला थोडा. बसू दे, म्हणाल्या वहिनी.

"हात्तिच्या," एक पोरगी सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाली. "म्हणजे झालं सगळं नीट."



"कॅप्टन आत शिरताना चपला काढायला वाकला," काका म्हणाले. "तेव्हा त्याला दिसलं. पोराचे बूट... आदल्या दिवशी मैदानातून आले तेव्हा धुळीने माखलेले होते. ते कुणीतरी चकचकीत पॉलिश करून ठेवले होते. टाचा जुळवून. नाड्या सैल केलेल्या, नुसते पाय घालायचे बाकी. तोंडं जिन्याकडे... त्या घरात पॉलिशची डबीसुद्धा नव्हती."

पोरंपोरी आणखी जवळ सरकली.

"कॅप्टन म्हणाला, नदीत फेकून देऊ. वहिनी म्हणाल्या, का फेकू? माझ्या पोराचे आहेत. बूट उचलले, तोंडं घराकडे फिरवली आणि परत तिथेच ठेवले. आता पोर सात वर्षांचं आहे. बूट केव्हाच लहान झाले. पण अजून दाराबाहेर आहेत, तोंडं घराकडे करून. तीन वर्षांत त्यांना कुणी फडकं लावलेलं नाही."

काका पायरीवरून उठले. शटरला हात घातला.

"परवा गेलो होतो त्यांच्याकडे. जाता जाता बोट फिरवून बघितलं..."

"आणि?"

"धूळ नाही."