चौथ्या ठिकाणचे नमुने

बोरिवलीच्या कॉलेजात वसुधा पंधरा वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होती आणि तिचं प्रमोशन एका शोधनिबंधावाचून अडलं होतं. ज्यांना बेडकाची धड ओळख नाही, अशांचे चार-चार निबंध छापून आले होते. हिचा गोराई खाडीच्या पाण्यावरचा निबंध मात्र घाम गाळून केलेला. फक्त चौथ्या ठिकाणी, तिवरांच्या आत, ती कधी गेलीच नव्हती. तिथल्या क्षारतेचे बारा महिन्यांचे आकडे तिने घरी बसून लिहिले होते.

निबंध तपासणारा रिव्ह्यूअर कोण असावा, हे जर्नल लेखकालाच विचारत होतं.

"एखादं नाव बनव, त्याचा मेल आयडी काढ आणि स्वतःच झकास लिहून टाक," स्टाफरूममध्ये राजेश म्हणाला. "सगळे तेच करतात गं."

तिने डॉ. काशीराम रेगे हा माणूस घडवला. असा कुणी जगात नव्हता. पासवर्ड फक्त तिच्याकडे होता.

चार दिवसांनी ती त्याच्या नावाने अभिप्राय लिहायला बसली, तर तो आधीच पाठवलेला. 'चौथ्या ठिकाणी लेखिका गेलेल्या नाहीत. मी जाऊन आलो. नमुने ठेवले आहेत, घेऊन यावेत.'

"मी कशाला लिहू?" तिने विचारल्यावर राजेश वैतागला. "डोकं फिरलंय का तुझं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चंदर कोळ्याच्या बोटीतून निघाली. वर्षभर तोच तिला खाडीत न्यायचा. तिवरांत शिरल्यावर वारा थांबला. चिखलाचा वास घशात बसला.

"तुमचा सायेब मंगलवारी हितंच उतरला," चंदर म्हणाला. "परत न्यावाला बोललाच नाय."

चिखलात पावलं आत गेली होती. बाहेर आलेली नव्हती. फांदीला बारा बाटल्या बांधल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक महिना.

चंदरने तिला बाटल्यांसकट धक्क्यावर उतरवलं आणि तो बोट वळवून घरी निघाला.

दुपारी लॅबमध्ये तिने एकेक बाटली तपासली. जानेवारीला तिने लिहिलेलाच आकडा. फेब्रुवारीलाही तोच, दशांशासकट. बाराही जुळले. भीती नंतर वाटली. आधी तिला आनंद झाला, हे लाजिरवाणं असलं तरी खरं आहे. आता तिला खोटारडी कोण म्हणणार होतं?

तेवढ्यात जर्नलचा मेल आला. डॉ. रेगे यांचा अंतिम अभिप्राय.

'आकडे बरोबर. शेवटच्या पानावरचं विधानही आज खरं ठरलं. निबंध स्वीकारावा.'

तिने शेवटचं पान उघडलं. बोटीच्या फेऱ्यांचा पुरावा कुणी मागू नये म्हणून तिने तिथे एक ओळ घातली होती. 'नावाडी चंदर हयात नसल्यामुळे फेऱ्यांच्या नोंदी मिळू शकल्या नाहीत.'

तिने चंदरला फोन लावला.

त्याच्या बायकोने, कमळने, उचलला.

"बोट आली बाई," ती म्हणाली. "तुमच्या सायबानंच आनून लावली. पन आमचं मानूस नाय आलं अजून."