दहा सेंटीमीटर रुंद

लिगाया घाईघाईने फिलिपिन्समधल्या दुमागेते शहराच्या व्यायामशाळेत शिरली आणि फरशीवर खडूने आखलेल्या दोन रेघांच्या मधोमध तिचा पाय पडला.

"थांबा, मॅडम," कोपऱ्यातून आवाज आला. "आता बाहेर पाऊल टाकायचं नाही. तुम्ही बीमवर आहात."

"हा बीम? ही तर फरशी आहे."

"पहिले चार दिवस हाच बीम. दहा सेंटीमीटर रुंद. पडलात तरी लागत नाही."

हा प्रशिक्षक आर्नेल. लिगायाला प्राथमिक शाळेत व्यायामशिक्षिकेची जागा मिळत होती, पण एका अटीवर... तीन आठवड्यांनी, शनिवारी, तिने उंच बीमवर, म्हणजे कसरतीच्या अरुंद लाकडी तुळईवर चालून, पंजांवर अर्धा फेर घेऊन, उडी मारून दाखवायची. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आणि या बाईंना जीपनीत, म्हणजे तिथल्या लांबोडक्या प्रवासी जीपमध्ये चढतानाही कुणाचा तरी खांदा लागायचा.

रेघांनंतर गुडघ्याएवढा बीम आला, मग छातीएवढा. आर्नेल शेजारून चालायचा, एक बोट वर धरून. लिगाया ते घट्ट पकडायची.

"पायांकडे नाही, बीमच्या टोकाकडे बघा. अंगठा कडेला घासत पुढे न्या... असा. आणि श्वास घ्या, मॅडम, तो फुकट असतो."

चालणं जमलं. फेर घेताना मात्र बोट सोडावं लागायचं, आणि बोट सुटलं की बाई थेट गादीवर.

"एकदा तुम्ही करून दाखवा ना, सर," ती म्हणाली.

त्या दिवशी त्याच्या पायात बूट होते. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. तिसऱ्या दिवशी त्याने काडीला टोचलेली, साखरेत तळलेली गरमागरम केळी आणून तिचं तोंडच बंद केलं. पण लिगायाचं कुतूहल केळ्यांनी भागणारं नव्हतं. खाता खाता ती भिंतीवरचे फोटो बघत राहिली. आर्नेल रिंग्जना लटकलेला, आर्नेल पॅरलल बारवर, आर्नेल पदक चावताना... बीमवर कुठेच नाही.

"सर, तुम्ही कधी चढलाच नाहीत?"

तो उगाच हातावरचा खडू झटकू लागला. "पुरुषांच्या स्पर्धेत बीम नसतो."

"पण शिकवण्यासाठी तरी?"

"एकदा चढलो होतो. पाय असे लटपटले, की वर्गातल्या मुली आठवडाभर हसत होत्या." त्याचे कान लाल झाले. "रिंग्जना निदान धरायला काहीतरी असतं हो."

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण आलं हसू, आणि त्या हसण्यातच तिला कळून चुकलं की हा माणूस आपल्याला फार आवडायला लागलाय.

"चढा," ती म्हणाली, आणि तिने बोट वर धरलं.

तो चढला. पदकवाल्या गड्याने तिचं बोट असं आवळलं की ती कळवळली.

"पायांकडे बघू नका, सर. श्वास घ्या, तो फुकट असतो."

"सोडू नका हं, मॅडम..."

मध्यावर पोचून तो चक्क घोड्यावर बसावं तसा बीमवर बसला. "फेर नाही जमणार मला."

"त्यात काय एवढं? बघा—" शिकवायच्या भरात लिगाया दुसऱ्या टोकाकडून वर चढली. नजर बीमच्या टोकाला, टाचा वर, आणि अर्धा फेर.

"लिगाया," तो हळूच म्हणाला. मॅडम न म्हणता, पहिल्यांदाच. "तुम्ही कुणाचंच बोट धरलं नव्हतं."

शनिवारी परीक्षकांनी कागदावर सही केली. ती बाहेर आली तेव्हा आर्नेल झाडाखाली उभा होता, हातात केळ्याच्या दोन काड्या.

"म्हणजे आता बोट नको तुम्हाला," तो हसून म्हणाला, पण चेहरा उतरलाच होता.

"बीमवर नको," लिगाया म्हणाली. "बाकी सगळीकडे लागेल."

त्याने नेहमीसारखं एक बोट पुढे केलं. तिने अख्खा हात धरला, आणि दोघं समुद्राच्या दिशेने निघाली.